ओ देऊ नकोस

ही गोष्ट खरी आहे. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर मीही आधी शंकाच घेतली असती. पण ही माझ्या सख्ख्या भावाची गोष्ट आहे. आणि आठवली की भीतीच्या आधी मला राग येतो.

२००४ची दिवाळी. नागभीडजवळचं आमचं गाव. आमचं घर शेवटचं. मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यांच्यापुढे जंगल.

धाकटा आदेश नोकरीच्या ईमेलची वाट बघत होता. त्यासाठी रोज नागभीडच्या कॅफेत जायचा. सुट्टीत आले तेव्हा एकदा मीही सोबत गेले.

नोकरीचा मेल नव्हताच. लॉटरी, गोळ्या, कर्ज... नुसता कचरा. आणि हा एकेकाला उत्तर लिहीत बसलेला.

"उत्तर काऊन देतोस?" मी विचारलं.

"मंग काय करू, ताई? रोज येऊन राह्यले. सरळ लिहून टाकतो, माह्या मागं लागू नका."

"उत्तर दिलं की त्यायले समजते, इथी माणूस आहे. मंग आणखी येते. न उघडता डिलीट कर."

"हाव, मास्तरीनबाई."

खाली एक मेल उरला होता. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. रोमन अक्षरांत एवढंच...

'आदेश, आहेस काय?'

"डिलीट," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघत उत्तर लिहिलं. 'हाव, आहो.' मुद्दाम. मला चिडवायला.

त्याच संध्याकाळी तो मागच्या विहिरीवर हातपाय धूत होता. मी स्वयंपाकघरात होते.

रातकिडे एकदम थांबले.

बांध्यांकडून हाक आली... "आदेश..."

आवाज शेजारच्या कमलाकाकूचा होता.

आमच्याकडे तिन्हीसांजेला जंगलाच्या बाजूनं हाक आली, तर माणूस दिसेपर्यंत कुणी ओ देत नाही.

आदेशनं दिली. "ओ, आलो."

कमलाकाकू माझ्यासमोर, आईशेजारी बसली होती. 

मी मागे धावले. विहिरीवर कुणी नव्हतं.

गावानं जंगल पालथं घातलं. पोलीस आले, गेले. आदेश सापडला नाही.

पुढच्या आठवड्यात, अंधार पडताना...

"ताई..."

त्याचाच आवाज. आई उठली. मी तिचं तोंड हातानं दाबून धरलं. एक शब्दही न बोलता आवाजाच्या दिशेनं टॉर्च मारला.

कापलेलं धान. बाकी काही नाही.

आणि त्याच उजेडातून, त्याच रिकाम्या जागेतून...

"ताई, ओ काऊन नाई देत?"

मी दिली नाही. हाका अजून येतात. आजवर दिलेली नाही.

"एखादी हाक त्याची असन तं?" आई विचारते. राग त्याचाच येतो. जे कुणी आहे, त्यानं माझ्या भावाची हाक कचऱ्यात मिसळून टाकली. त्यातली एखादी खरी असली, तरी आता मी ती ओळखणार कशी?

मागच्या वर्षी कापणीत बांध्यांकडून वेगळीच हाक आली.

"आई..."

तो आवाज माझा होता.

मी आईशेजारी बसले होते. तिनं माझ्याकडे बघितलं... बराच वेळ. मग माझ्या हातातला आपला हात हळूच सोडवून घेतला.

तेव्हापासून मी घरातल्या घरात हाक मारली, तरी आई ओ देत नाही.