दोघं गेले, दोघं आले

सत्त्याऐंशी सालचा डिसेंबर होता. मी तेव्हा तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होतो. कुंभवलीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड, माणसं दोनच, मी आणि शैला. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून भटकायचं, एवढाच नाद.

बोईसरच्या शाळेत चित्रकला शिकवणारे आत्मारामभाऊ आमच्यासारख्या हौशी मंडळींसाठी शिबिरं भरवायचे. हाताने काहीबाही बनवण्यात त्यांचं डोकं भारी चालायचं. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा लांब नळीला जोडून त्यांनी कॅमेऱ्याचं बटण दुरून दाबायची सोय केली होती. त्या खेपेचं शिबिर दातिवऱ्याला होतं. खाडीच्या तोंडाशी, चिखलाच्या कडेला त्यांनी आदल्याच दिवशी एक लपण उभं केलं होतं. लोखंडी नळ्या खोल रोवून त्यांवर जाड ताडपत्री ताणली होती, खालच्या कडा चिखलात पुरल्या होत्या आणि समोर भिंगापुरतं एक भोक ठेवलं होतं. आत एक माणूस कसाबसा बसेल एवढीच जागा.

पक्ष्यांना फसवायची युक्तीही त्यांनीच शिकवली. लपणात दोघांनी जायचं, एकाने बाहेर पडून सगळ्यांना दिसेल असं परत चालत यायचं. पक्ष्याला माणसं मोजता येत नाहीत, त्याला वाटतं लपण रिकामं झालं.

त्या दिवशी पहिली पाळी माझी होती. सोबत माझा कारखान्यातला मित्र बळवंत. वाटेत येसूबाई नावाची कोळीण मासळी वाळत घालत होती. आदल्या दिवशी भाऊंनी ती युक्ती करून दाखवली, तेव्हा तिने पाहिलं होतं. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली, "दोगं जाता तर दोगं या. एकाला ठेवून येवू नका." आम्ही हसलो आणि पुढे गेलो.

बळवंतने मला कॅमेऱ्याची तिवई लावायला मदत केली, पाठीवर थोपटलं आणि बाहेर पडला. वाऱ्याने फडफडू नये म्हणून ताडपत्रीचं तोंड त्याने बाहेरून नायलॉनच्या दोरीने आवळलं. भरती चढायच्या आत मला सोडवायला यायचं, असं ठरलं होतं.

मी ताडपत्रीच्या तोंडाशी राहिलेल्या फटीला डोळा लावला. बळवंत किनाऱ्याकडे चालला होता. मला त्याची पाठ आणि उजवी बाजू तेवढी दिसत होती, डावीकडचं ताडपत्रीच्या कडेआड जात होतं. थोडं पुढे गेल्यावर तो डावीकडे मान वळवून काहीतरी बोलला. मग हसला. मग त्याने खिशातून विडीचं बंडल काढलं, एक स्वतः घेतली आणि बंडल डावीकडे पुढे केलं. हात परत आला तेव्हा रिकामा होता.

कुणी कोळी भेटला असेल, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

पक्षी आले. आधी चिखल्या, मग तुतवार, मग कुरवांचा थवाच्या थवा. मी फुगा दाबत राहिलो. इतक्या जवळ पक्षी मी कधी पाहिले नव्हते. बटणाच्या खटक्यालासुद्धा ते बिचकत नव्हते. एक बगळा तर सरळ ताडपत्रीवर, माझ्या डोक्यावर येऊन बसला. त्याच्या बोटांचे ठसे मला आतून दिसत होते. मी खोकलो. तो हलला नाही. मी हात वर करून त्याच्या पायांखालचं कापड ढकललं. त्याने नुसता पाय बदलला.

जणू आत कुणी नव्हतंच.

तिथपासून माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही. आत उकाडा होता, ताडपत्रीला राळेचा आणि कुजक्या चिखलाचा वास येत होता. मग माझ्या पायांना गार लागलं. खाली पाहिलं तर चिखलातून पाणी वर येत होतं. बळवंतचा पत्ता नव्हता. मी शिट्टी वाजवली, हाका मारल्या. पक्षी उडाले ते पाणी चढलं म्हणून, माझ्या आवाजाने नव्हे.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा मी कॅमेरा गळ्यात घेतला आणि तोंडाकडची दोरी आतून चाचपू लागलो. फटीतून दोन बोटं कशीबशी बाहेर जात होती. गाठ हाताला लागली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी आल्याचं जाणवलं. पाण्यात पाय टाकल्याचा चुबुक चुबुक आवाज, मग ताडपत्रीपलीकडे श्वास.

"बळवंत...?"

दोरी हलली. मला हायसं वाटलं. मग माझी बोटं दुखू लागली. गाठ सुटत नव्हती... ती आवळली जात होती. सावकाश, नीटनेटकी.

मी बोटं ओढून घेतली. नळ्यांना धडका दिल्या, पण त्या खोल रुतल्या होत्या आणि माझे पायही. पाणी कमरेला आलं, मग छातीला. भिजलेली ताडपत्री अंगाला चिकटत होती. शेवटी मी भोकाला तोंड लावून नुसता ओरडत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही.

त्या भोकातून एक होडी दिसली. येसूबाईचा नवरा दामू जाळी बघायला निघाला होता. त्याने सुरीने ताडपत्री फाडली आणि मला खांद्याला धरून वर ओढलं. दोरी त्यानेही पाहिली. एवढ्या गाठी कुणी मारल्या, असं त्याने मला विचारलं.

किनाऱ्यावर येसूबाई उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. दामूकडे बघत ती म्हणाली, "दोगं गेले, दोगं आले. मी माज्या डोल्यानं पायलं. म्हनून मी बोलली नाय."

मंडळी एका वाडीत जेवून आडवी झाली होती. मला भिजलेला पाहून बळवंत उठून बसला आणि बघतच राहिला. मग त्याने सांगितलं ते असं. तो बाहेर पडला आणि त्याच्यामागून मीही बाहेर आलो. डोकं दुखतंय, आज नको, म्हणालो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी लपणाचं तोंड बांधून आम्ही दोघं परत आलो. आत्मारामभाऊंनी स्वतः मला चहा दिला. मग मी घरी जातो म्हणून दुपारच्या एस.टी.ने निघून गेलो.

"वाटेत काय बोललो मी?" मी विचारलं.

"फारसं नाही. तुझं घर कुठं, ते विचारलंस. मला वाटलं थट्टा करतोयस. मी सांगितलं... अगदी खुणेसकट."

मी ओल्या कपड्यांनीच निघालो. सफाळ्याला पोचून बोईसरची गाडी पकडली. गाडी उमरोळीला सिग्नलसाठी थांबली तेव्हा मी उतरून पळत सुटणार होतो, एका माणसाने दंड धरून बसवलं. कुंभवलीत पोचलो तेव्हा घराघरांत नुकतेच दिवे लागले होते. आमचं दार बंद होतं. मी कडी वाजवली.

"कोण?" शैलाचा आवाज.

"मी. वामन."

मग दाराला अगदी तोंड लावून, दबक्या आवाजात ती म्हणाली, "ते तर मघाशीच आलेत. आत झोपलेत."

मी तिला आमच्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगितल्या, तिच्या माहेरच्या, लग्नातल्या. तेव्हा तिने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. आतल्या खोलीला आतून कडी होती. शेजारच्या बन्सीला बोलावून आम्ही ती तोडली. खिडकीचे गज जागच्या जागी होते. खोलीत कुणीही नव्हतं. खाटेवर पांघरुणाची चौकोनी, नीट घडी घालून ठेवली होती. मी आयुष्यात कधी पांघरुणाची घडी घातलेली नाही.

बिऱ्हाड आम्ही बदललं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. संसार व्यवस्थित चालू आहे. फक्त एक झालं आहे. मी बाहेरून आलो की शैला लगेच दार उघडत नाही. माझा आवाज ऐकते, आतल्या खोलीत जाऊन बघून येते आणि मगच कडी काढते. मी मुकाट उभा राहतो.

काल तिला परत यायला फार वेळ लागला. आणि आत ती कुणाशी तरी हळूहळू बोलत होती.