गार हवेची गाडी

मंजुळाबाईंच्या पत्राला ग्रंथपाल अर्जुनरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र ज्येष्ठात आलं होतं. पोळा होऊन गेला, तरी ते बुलढाण्याच्या वाचनालयात, टेबलाच्या खणात तसंच पडून होतं. अधूनमधून अर्जुनराव कोरा कागद पुढे ओढत, ‘सप्रेम नमस्कार’ लिहीत आणि थांबत. आपण कोण सांगणार?

चौथी शिकलेल्या हाताची मोठाली अक्षरं होती. ‘माह्या मालकाले गनीभाईनं मारलं काय? सारं गाव हो म्हणते. म्या त्याईले भाऊ मानलं. आता शिव्या देऊ का रडू, समजत नाई. तुमी एवढी पुस्तकं वाचता. खरं काय ते लिहा.’

मालक म्हणजे अमडापूरचे उकंडराव. पूर्वी ते वाचनालयाच्या पुस्तकपेट्या गावोगाव पोचवणारी गाडी चालवत. पुढे घराशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये अब्दुल गनीच्या भागीदारीत मोटारी दुरुस्त करू लागले. वैशाखातल्या एका दुपारी ते त्याच शेडमध्ये, गाडीखालच्या खड्ड्यात मेलेले सापडले. अंगावर ओरखडाही नव्हता. खड्ड्याच्या काठावर गनीनं आणून ठेवलेला चहा होता, आणि खड्ड्यात घरची मांजरही मेली होती.

महादेवरावांच्या नजरेस ते पत्र पडलं, ते पोळ्यानंतर. विमा कंपनीची नोकरी सोडून ते खाजगी चौकशा करत आणि रोज अर्जुनरावांकडे वर्तमानपत्र वाचायला येत.

“हिला उत्तर का नाही दिलंत?”

“काय लिहू? मला काही कळलंच नाही.”

“मग चला की कळून घ्यायला. एसटी आहे.”

अमडापूरच्या वेशीजवळ एका विहिरीचा गाळ काढायचं चाललं होतं. दोघं जण दोराला बांधलेला पेटता कंदील आधी आत सोडत होते.

“भरदिवसा कंदील?” अर्जुनरावांनी विचारलं.

“इझला तं माणूस उतरवत नाई, गुरुजी,” त्यातला एक म्हणाला. “पुस्तकात नाई काय लिहेल हे?”

अर्जुनराव ओशाळून पुढे चालू लागले.

मंजुळाबाईंनी दोघांना शेडच्या दारात घोंगडी टाकून दिली. कपाळ मोकळं. बोलताना त्या सारख्या पदराचं टोक पिळत होत्या.

“चिखलीच्या हिंमतरावाची इलायती गाडी होती. तिच्यात गार हवेचं यंत्र. त्याचा कॉम्प्रेसर जाम झालता. गनीभाई म्हने, अकोल्याले धाडू, हे आपलं काम नोये. हे म्हने, घरीच बदलतो. दोघाईचं लई वाजलं. लोकाईनं तेच धरून ठेवलं.”

“चहा कुणी फेकला?” महादेवरावांनी विचारलं.

“म्याच. कपभर तसाच होता. वरची साय बी मोडली नव्हती.”

“आणि ही शेड दुपारी तापत असेल.”

“अवो, भट्टी होते! म्हणून तं उन्हाळ्यात दुधाची चरवी, पाण्याचं मडकं, सारं त्या खड्ड्यात. घरात गारवा तेवढाच. मांजरबी तेथीच निजे.”

“त्या यंत्रात भरायला गॅसची टाकी हिंमतरावांनीच आणली असेल ना?”

“हाव, आदल्या सांजेले. हे घरी नव्हते. हिंमतराव मलेच बजावून गेले, उन्हात नका ठेवू, फुटन. म्या वल्लं पोतं गुंडाळून थंड जागी ठेवली. निजायच्या आधी पोत्यावर पाणी माराले गेली तं पोतं बर्फावानी लागलं हाताले. चांगलं वाटलं मले.” त्यांनी डोळे पुसले. “येवढं सारं जपलं, अन् माणूस गेला.”

शेडला पंचनाम्यापासून कुलूप होतं. महादेवरावांनी आधी दोन्ही दारं सताड उघडली, बराच वेळ बाहेर थांबले आणि मग खड्ड्यात उतरले. वर आले ते कंदील आणि रुमालात आगकाड्या घेऊन. कंदील हलवला, तर आत तेल डुचमळलं. काड्यांची नुसती डोकी जळालेली होती, लाकूड कोरं.

“सादळल्या असतील,” अर्जुनराव म्हणाले.

“वैशाखात?”

हिंमतराव त्या दिवशी कापसाच्या व्यवहारासाठी गावातच आले होते. अंगात पांढराशुभ्र झब्बा, बोटांत अंगठ्या.

“माझी टाकी भरलेली होती, साहेब. जीपमधून उतरवताना चांगली जड लागली हाताला. पंचनाम्यानंतर अंगणात पाहिली, तर रिकामी! गनीनं गॅस विकला. उकंडरावनं पकडलं असेल, म्हणून चहात घातलं काहीतरी. फौजदारानं पुराव्याअभावी सोडला, एवढंच.”

“टाकी कोरी होती का?”

“भंगाराच्या बाजारातून घेतली, पण चांगली होती. जीपमध्ये जरा फुसफुसत होती. रस्ता तसा आहे आपला.”

गनीच्या घरासमोर बैलगाडी उभी होती आणि तिच्यात अर्धा संसार चढला होता. गनी ट्रंकेला दोर बांधत होता. त्याची बायको खुर्शीदा दाराआड उभी होती.

“कुठं निघालात?”

“जळगावले. येथी कोनी पंक्चरबी काढाले येत नाई, साहेब.”

“त्या दुपारी काय झालं?”

“उकंडदादा कंदील घेऊन खाली उतरला. गाडी वर उभी, अंधार होता. म्या चहा ठेवला अन् पाना आनाले गेलो. आलो तं दादा आडवा. उडी टाकली, बगलेत हात घालून उचलला. मलेबी गरगरलं. कसा वर आलो, अल्ला जाने.”

“कंदील पेटलेला होता?”

“नाई.”

“आणि टाकी कुठं होती?”

गनीनं दोराची गाठ पुन्हा सोडली. “याद नाई.”

महादेवराव ट्रंकेवर बसले.

“गनीभाई, तुम्हाला कंदील आठवतो, पाना आठवतो. फक्त टाकी आठवत नाही. मी सांगतो, चुकलं तर थांबवा.

“चहाची साय मोडली नव्हती. म्हणजे उकंडरावांनी चहाला ओठच लावला नाही, मांजरीनंही नाही. विषाची गोष्ट तिथंच संपली. खाली उतरल्यावर कंदील विझला, तेल भरपूर असताना. त्यांनी काड्या ओढल्या. काडीचा गुल तेवढा भडकला, लाकडानं पेट घेतला नाही. हवाच नव्हती तिथं. विहिरीत उतरताना हे गाव आधी कंदील सोडतं. पण घरच्या शेडमधल्या खड्ड्याला विहीर कोण समजणार? ते काडीसाठी वाकले आणि वाकलेलेच राहिले. तुम्ही उडी टाकलीत, तुम्हालाही गरगरलं.

“हा गार हवेचा गॅस हवेपेक्षा जड असतो. त्याला वास नाही. अंगणात गळला असता तर उडून गेला असता. टाकीची तोटी जीपमध्येच फुसफुसत होती. गळताना टाकी गार पडते, म्हणून पोतं बर्फासारखं लागलं. रात्रभर गॅस गळला आणि खड्ड्यात पाण्यासारखा भरून राहिला. टाकी रिकामी झाली ती अशी. कुणी विकला नाही गॅस.”

“म्हणजे टाकी खड्ड्यात होती?” अर्जुनरावांनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांना मडकं आठवलं, दुधाची चरवी आठवली. घरात गारवा तेवढाच. “अरे देवा,” ते म्हणाले.

गनी खाली बसला.

“दादाले वर काढताना पायाले पोतं लागलं. तवाच समजलो. फौजदार यायच्या आधी टाकी आकड्यानं वर ओढून अंगणात ठेवली. फौजदारानं मारलं, तरी बोललो नाई. साहेब, तुमाले हात जोडतो. वहिनीले नका सांगू. मले गाव खुनी म्हणते, म्हणू द्या. ते बाई सोताले काय म्हणन?”

महादेवरावांनी चष्मा काढला. “गावाला एवढंच सांगू, की टाकी गळत होती.”

“मंग गाव विचारन, खड्ड्यात कोनं ठेवली?” खुर्शीदा पहिल्यांदा बोलली. “अन् सारे याईच्याकडेच पाहतीन. तुमी बडे दिलाचे, मानलं. पन माह्या पोरीचं ठरलेलं घर परत फिरलं. तिचं लगन त्या टाकीपायी मोडलं, हे तिले कोन सांगन? येक मंजुळाबाई सोडून दुसरं कोनी सांगू शकते काय, साहेब?”

बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली.

“मी सांगतो,” अर्जुनराव म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. “पण तोंडावर नाही सांगणार. त्यांनी लिहून विचारलं, मी लिहून सांगतो. वाचताना त्यांच्याकडे कुणी बघत नसावं.”

“आणि मग त्यांनी कुणाला काहीच सांगितलं नाही तर?” महादेवरावांनी विचारलं.

“मग ते त्यांचं. पण त्यांनी विचारलं होतं, महादेवराव. आणि मी गप्प बसलो, तेवढे दिवस त्या यांनाच खुनी समजत राहिल्या.”

पोस्टाच्या ओट्यावर बसून त्यांनी लिहिलं. या वेळी ‘सप्रेम नमस्कार’पाशी हात थांबला नाही. त्यांनी सगळं क्रमानं लिहिलं. कुठलाही शब्द मऊ केला नाही, अडवूनही ठेवला नाही. शेवटी लिहिलं: ‘तुम्ही टाकी जपलीत, ती सांगितल्याप्रमाणे जपलीत. ती गळकी होती हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. उकंडराव गेले ते तुमच्या हातून नव्हे. टाकी खड्ड्यात होती हे गनीभाईंनी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं, आणि तुम्हाला कळू नये म्हणून मार खाल्ला. ते जळगावला निघाले आहेत. गाडी अजून सुटलेली नाही.’

शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की टपाल उद्याशिवाय निघणार नाही. ती ओळ खोटी ठरेल. ते वळून गनीच्या घराकडे गेले आणि म्हणाले, “दोन दिवस थांबा.”

गनीनं खुर्शीदाकडे पाहिलं. तिनं गाडीतली ट्रंक ओढून खाली उतरवली.

मग अर्जुनराव पोस्टाकडे परत आले आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.