मधली खुर्ची

ती दुकानात शिरली होती माउस घ्यायला. पण आतल्या फळीवरच्या स्पीकरमधून व्हायोलिन वाजत होतं... इतकं हळू, आणि तरी गज तारेवर टेकतानाची बारीक खरखरही ऐकू येत होती! मुलांना व्हायोलिन शिकवणारी बाई ती. पाय जागीच थांबले. तिच्या घरच्या कम्प्युटरवर तर तेच व्हायोलिन डब्यात कोंडल्यासारखं वाजायचं.

"जरा आवाज वाढवा ना."

"नको." स्पीकरमागून एक डोकं वर आलं. "मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर छाप पाडतात. खरा कोण, ते हळू आवाजात कळतं."

"अरे कानसेन, गिऱ्हाईक आहे ते! परीक्षा कसली घेतोस?" दुकानाचे मालक, म्हणजे त्याचे मामा, गल्ल्यावरून ओरडले.

तो हसला... आणि माउस राहूनच गेला.

पुढचे तीन शनिवार ती स्पीकर ऐकायला गेली. मधले सहा-सहा दिवस काही केल्या सरायचे नाहीत. एका जोडीचा खर्ज फुगलेला, दुसरीचा वरचा सूर टोचणारा. तिसरीत मात्र खोट म्हणून सापडेना. फार प्रयत्न केला तिने. शेवटी घ्यावीच लागली.

बसवायला तोच घरी आला. दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवले, भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, टेपने अंतर मोजून खुर्ची बरोबर मध्ये सरकवली.

"बसा. दोन्हीकडून अंतर सारखं हवं. अं हं, हलायचं नाही..."

तिने डोळे मिटले. व्हायोलिन जणू समोर येऊन उभं राहिलं. तेवढ्यात मागे हत्यारांच्या पेटीची कडी वाजली. झालं... आता हा जाणार, आणि परत यायला निमित्तही उरणार नाही.

"डावा जरा घोगरा वाटतोय," ती घाईने म्हणाली.

तो वाकून ऐकत राहिला. बराच वेळ.

"नाही हो बाई, काहीच दोष नाही." मग अगदी हळू, "मीही शोधतोच आहे..."

तिने वळून पाहिलं. कानापर्यंत लाल झालेला तो उगाच टेप गुंडाळत होता. ती उठली, आतून दुसरी खुर्ची आणली आणि पहिली जरा डावीकडे सरकवून तिला खेटून ठेवली.

"अहो, मधली जागा एकाचीच असते! असं दोघांनाही नीट ऐकू येणार नाही."

"मला चालेल," ती म्हणाली. "तुम्हाला?"

पेटी बाजूला सारून तो तिच्या शेजारी बसला. त्याला उजवा स्पीकर जास्त ऐकू येत होता, तिला डावा. तक्रार मात्र कुणीच केली नाही.