एकशे चारांतली एक

सत्यशीलाताईंचा हात उगारला गेला तो ऋतुजासाठी, पण बसला छबुबाईंच्या गालावर!

स्वयंपाकघरात तव्यावरची भाकरी करपू लागली तरी तिकडे कुणाचं लक्ष जाईना. सोळा वर्षांची ऋतुजा भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या पुढ्यात तिच्या थोरल्या चुलतीनं, छबुबाईंनी, दोन्ही हात पसरले होते. आणि समोर जिल्हा परिषदेच्या माजी सदस्या, येत्या निवडणुकीतल्या पक्क्या उमेदवार, साऱ्या पंचक्रोशीच्या ताई, अशा सत्यशीलाबाई स्वतःच्याच तळहाताकडे बघत होत्या. लग्न होऊन या घरात आल्याला वीस वर्षं झाली होती, पण थोरल्या जावेसमोर त्यांचा आवाजसुद्धा कधी चढला नव्हता!

"सरका आक्का! आज मधी पडू नका. तुमच्या लाडानंच ही पाळी आली माझ्यावर!"

"मला अजून दोन मार," छबुबाई म्हणाल्या, "पर लेकराला हात लावू नको, सत्यशीला. ती आधीच मेल्यावानी झालीय."

ओट्यावर पडलेल्या मोबाईलवर तेरा सेकंदांचा व्हिडिओ पुन्हापुन्हा चालू होत होता. कुणाच्या तरी शेतातला वाढदिवस, अर्धवट कापलेला केक, अकरावीतली पाच-सहा पोरंपोरी, आणि त्यांच्यात बिअरची बाटली तोंडाला लावलेली ऋतुजा! ती एक घोट घेते, जोरात ठसकते, डोळ्यांत पाणी येतं, आणि मग खिदळत कॅमेऱ्याला सांगते, "बघा, मी अजून उभीच हाय! आडवी न्हाई झाले!"

हेच दुसऱ्या कुणाच्या पोरीनं म्हटलं असतं तर चार दिवसांत लोक विसरले असते. पण या घराला 'उभी' आणि 'आडवी' हे दोन शब्द साधे नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी छबुबाईंचे यजमान आदिनाथराव दारूपायी गेले. माणूस लाखातला, कुणाच्या अडीअडचणीला रात्री-अपरात्री धावणारा, पण बाटलीपुढे त्याचं काही चालेना... त्यांच्या तेराव्याला, पाहुणे अजून पंगतीत असतानाच, धाकटी जाऊ सत्यशीला पदर खोचून उठली आणि गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी दारोदार बायांच्या सह्या गोळा करायला निघाली. दुकानदाराच्या माणसांनी तिला रस्त्यात अडवलं, शिव्या दिल्या, तिच्या दारात फुटक्या बाटल्या टाकल्या. ती मागे हटली नाही. शेवटी सरकारी लोक आले, शाळेत बायांचं मतदान झालं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. बाटली आडवी झाली, दुकानाला कुलूप लागलं, आणि सत्यशीलाची 'ताई' झाली. हे काम खरोखरच मोठं होतं, त्यात कुणी खोट काढू नये. आजही त्या गावातल्या कितीतरी घरांत दिवेलागणीला नवरा शुद्धीवर असतो, तो या बाईच्या पुण्याईनं!

छबुबाईंच्या वाट्याला मात्र वेगळंच मोठेपण आलं. ताईंच्या दर सभेत त्यांना व्यासपीठावर बसवायचं. भाषणाच्या मध्यावर ताई हात करून म्हणायच्या, "ह्या माझ्या थोरल्या जाऊबाई! यांचं कुंकू दारूनं पुसलं!" की छबुबाईंनी उठून हात जोडायचे आणि परत बसायचं. मग ताईंचा आवाज चढायचा, "आणि त्या दिवशी उभ्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या एकशे चार बाया! लुगड्या-चोळीला विकल्या गेलेल्या! आपल्याच लेकरांच्या गळ्यावर सुरी फिरवणाऱ्या!" टाळ्यांचा नुसता कडकडाट! छबुबाई पदर तोंडाला लावायच्या. लोक हळहळायचे, नवऱ्याची आठवण आली बिचारीला. त्या कशानं रडतात हे अकरा वर्षांत कुणीच विचारलं नाही... ताईंनीही नाही.

मूलबाळ नसलेल्या छबुबाईंचं सारं वात्सल्य ऋतुजावर जडलं होतं. ताई दौऱ्यावर असायच्या. पोरीची वेणी, डबा, ताप, पाढे, सगळं या मोठ्याईच्या हातून झालं होतं. म्हणूनच ती थप्पड गालावर बसली तरी छबुबाईंना खुपलं ते एकच वाक्य... "तुमच्या लाडानंच!"

दुपारी ताईंचा उजवा हात म्हणवणारा बिभीषण घाईघाईनं आला. फाटकाबाहेर माईक घेतलेली पोरं सकाळपासून ठाण मांडून होती. एका चॅनलनं तर बातमीच लावली होती, 'ताईंच्या घरात बाटली उभी!'

"ताई, चार वाजता पत्रकारांना आत घ्या आन् एवढं वाचून दाखवा," बिभीषणनं खिशातून कागद काढला. "'मी सदैव जनतेच्या सेवेत. घरची जबाबदारी थोरल्या जाऊबाईंकडं होती. त्यांच्याकडून लक्ष देण्यात कसूर झाली. मुलीचा कॉलेजातून दाखला काढून तिला आजोळी पाठवत आहे.' बस्स! तिकीट वाचलं म्हणून समजा."

"वहिनींच्या नावावर?" ताईंचे यजमान अर्जुनराव खुर्चीतून उठलेच. "तुझ्या जिभेला काही हाड हाय का बे?"

पण ताई काहीच बोलल्या नाहीत. त्या खाली फरशीकडे बघत राहिल्या. ते मौन छबुबाईंच्या काळजाला थपडेहून जास्त लागलं... तरीही त्याच पुढे झाल्या.

"भावजी, राहू द्या. घाला माझ्या नावावर. मला कुठं निवडणुकीला उभं राहायचंय? पर सत्यशीला, एक ऐक. पोरीचा दाखला काढू नको. तिची शाळा मोडू नको. बाकी काय लिहायचं ते लिही."

"बघू," ताई एवढंच म्हणाल्या. त्या 'बघू'चा अर्थ छबुबाईंना चांगला ठाऊक होता.

आतल्या खोलीत ऋतुजा गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. छबुबाईंनी तिच्या केसांत हात घातला तशी ती हुंदके देऊ लागली.

"मोठ्याई, कॉलेजात मला कुणी ऋतुजा म्हणतच न्हाई गं! 'आडवी' म्हणतात. आडवी आली, आडवी गेली... त्या दिवशी म्हणले, एक घोट घे, मग कधीच न्हाई म्हणणार. लई कडू होतं. मला तर आवडलं बी न्हाई..."

"मग मला कावून न्हाई सांगितलं, बाई?"

"तुला कसं सांगू? तुझ्याकडून जन्मात कधी चूक झाली न्हाई. सगळा तालुका तुझ्या पाया पडतो. तुला काय कळणार?"

छबुबाईंचा केसांतला हात थांबला. काहीतरी ओठांवर आलं, पण त्यांनी ते गिळलं.

चार वाजता अंगणात सतरंजी पडली, टेबलावर माईकांची गर्दी झाली. गावातल्या बायाही फाटकापाशी जमल्या. पुढे रतनबाई, तिच्यामागे बायडाबाई. ताई उभ्या राहिल्या. हजारांच्या सभा गाजवणाऱ्या त्या बाईनं आज कागद डोळ्यांसमोर धरून वाचायला सुरुवात केली.

"मी सदैव जनतेच्या सेवेत राहिले. घरची जबाबदारी... माझ्या थोरल्या जाऊबाई..."

आणि त्या थांबल्या. पुढचं वाक्य डोळ्यांसमोर होतं, पण ओठ उघडेनात. त्यांची नजर छबुबाईंच्या गालाकडे गेली होती. तिथं अजून बोटं उमटलेली दिसत होती.

छबुबाईंना वाटलं, ही वाक्य विसरली. अकरा वर्षांत त्यांना व्यासपीठावर बोलायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या पुढे आल्या. "व्हय, माझीच चूक हाय. लेकरू माझ्याजवळ होतं. मीच कमी पडले."

"न्हाई! ती खोटं बोलतीय!"

ऋतुजा दारात उभी होती. रडून सुजलेला चेहरा, विस्कटलेली वेणी. "मीच पिले. मोठ्याईनं काही केलं न्हाई, मम्मीनं बी न्हाई. मीच!"

सगळे कॅमेरे एकदम तिच्याकडे वळले. सोमनाथ नावाचा एक तरणा पत्रकार माईक घेऊन पायरीपाशी धावला. "ऋतुजा, पहिल्यांदाच प्यालीस की आधीपासून? आईच्या आंदोलनाची चेष्टा का केलीस? इकडे बघ, इकडे कॅमेऱ्यात बघ!"

छबुबाईंनी झेप घेऊन पोरीला कुशीत ओढलं आणि आपला पदर तिच्या तोंडावरून घेतला. लग्न झाल्यापासून ज्या डोक्यावरचा पदर परक्या माणसापुढे ढळला नव्हता, ते डोकं त्यांनी उघडं टाकलं!

"तिच्याकडं काय बघता रे? माझ्याकडं बघा! बातमी पाह्यजे न्हवं तुमाला? ह्याच्यापरीस मोठी बातमी देते. फिरवा तुमचे कॅमेरे!"

कॅमेरे फिरले.

"ती आडव्या बाटलीची छबुबाई म्हणून तुमी माझा फोटू छापता ना... त्या दिवशी मी शिक्का उभ्या बाटलीवर मारलता!"

फाटकापाशी जमलेल्या बाया पुढे सरकल्या.

"सत्यशीलानं आठ दिस शिकवलं होतं, आडवी म्हणजे बंद. समजलं बी होतं मला. पर आत पडद्यामागं गेले आन् ती उभी बाटली डोळ्यापुढं आली... ताठ उभी! माझ्या धन्याला खाऊन उभी! मला वाटलं, जिला पाडायची तिच्यावरच घाव घालायचा ना! आडवी तर आधीच पडलीय, पडलेलीला काय मारायचं? सगळ्या ताकदीनं हाणला शिक्का... कागद फाटायचा राहिला. भाईर आले आन् रतनबाई म्हणाली, आडवीवर मारलास ना? तवा कळलं..." त्यांचा आवाज फुटला. "अकरा वर्षं मी त्या खुर्चीवर बसले. दर सभेला ऐकलं, एकशे चार विकलेल्या बाया. त्यातली एक मी! माझ्या पाया पडणाऱ्या लोकांचे पाय धरावं वाटायचं. चूक माझ्याच्यानं कबूल झाली न्हाई. ह्या सोळा वर्षांच्या पोरीनं तुमच्या म्होरं येऊन केली. आता सांगा, कोण मोठं?"

हे बोलून त्या थकून पायरीवर टेकल्या. गावात जो काही मान होता, तो त्यांनी आपल्या हातांनी अंगणात उधळून टाकला होता. पदराखाली पोरगी त्यांना घट्ट बिलगली होती.

तेवढ्यात फाटकातून आवाज आला.

"अगं बया... छबुबाई!" ती बायडाबाई होती. तोंडावर हात, डोळे विस्फारलेले. "अगं, मी बी तसंच केलतं! मला बी वाटलं, फुली मारायचीय तिच्यावर!"

"आमच्या सासूबाईनं बी उभीवरच हाणलता," मागून कुणीतरी म्हणालं. "मरताना तेवढं मला एकटीला सांगितलं."

"मी बी," रतनबाई म्हणाली. स्वर इतका बारीक की शेजारणीलाच ऐकू गेला असेल. "तुला इचारलं ते त्याच्यासाठीच. वाटलं, तू तरी बरोबर मारला असशील."

आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग त्या फाटकापाशी असं हसू फुटलं की हसता हसता साऱ्या बाया डोळे पुसू लागल्या! अकरा वर्षं एकमेकींच्या नजरा चुकवणाऱ्या त्या बाया... विकली कुणीच गेली नव्हती. रागाच्या भरात सगळ्यांनी त्या बाटलीला हाणलं होतं, एवढंच.

सत्यशीलाताईंच्या हातातून कागद गळून पडला. बिभीषण तो उचलायला वाकला, तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज मात्र स्वच्छ होता. खरी ताई होती ती, उगीच नव्हे!

"लिहून घ्या. माझी मुलगी प्याली. चुकली. ती सोळा वर्षांची आहे, तिला समजावणं आमचं काम आहे, ते आम्ही करू. सोमवारी ती कॉलेजात जाईल, आणि तिला सोडायला मी जाईन. तिचा चेहरा दाखवू नका, मी हात जोडते. ज्यानं या लेकरांना बाटल्या विकल्या, त्याच्या दारात मात्र जरूर कॅमेरा न्या, मीही येते तुमच्यासोबत. आणि त्या एकशे चार बायांची..." त्या फाटकाकडे वळल्या, "मी अकरा वर्षं तुमची बदनामी केली. एकदासुद्धा विचारायला आले नाही. पोटच्या पोरीला विचारलं नाही, आईसारख्या जावेला विचारलं नाही, तुम्हाला कुठून विचारणार? मला माफ करा. तिकिटाचं पक्ष काय ठरवेल ते ठरवो."

सोमनाथनं माईक खाली केला. त्यानं मोबाईल काढला, काहीतरी शोधलं, आणि मान खाली घालून तो तेरा सेकंदांचा व्हिडिओ पुसून टाकला. बाकीच्यांनी पुसला की नाही, कोण जाणे. पण छबुबाईंनी त्या पोराला जाताना गुळाचा चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

ऊन कललं तसं अंगण रिकामं झालं. अर्जुनराव स्वतः सतरंजी झटकत होते. ऋतुजा मोठ्याईच्या मांडीवर डोकं ठेवून किती दिवसांनी शांत झोपली होती. सत्यशीला वाटीत कोमट तेल घेऊन आली आणि पायरीवर छबुबाईंच्या पायांशी बसली. तिनं आधी त्यांचा पदर उचलून डोक्यावर नीट सारखा केला, मग त्यांच्या पायांवर डोकं टेकलं, आणि ते उचलावं असं तिला कितीतरी वेळ वाटेना...

"आक्का," शेवटी ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पुढच्या सभेत तुम्ही बोला. मी खाली सतरंजीवर बसेन."

"येडी का खुळी! मला काय बोलता येतं?"

सत्यशीला रडता रडता हसली. तेलात बोट बुडवून तिनं हलकेच विचारलं, "लई दुखतोय का गाल?"

मांडीवरच्या पोरीच्या केसांतून हात फिरवत छबुबाईंनी क्षणभर आठवून पाहिलं.

"कोणता गं?" त्यांनी विचारलं.