खाली कोणीच नाही

ओली दोरी कोरड्या दोरीपेक्षा जड असते आणि हाताला जास्त भाजते.

मोहीम बियांसाठी होती. चार दिवसांची चाल, एक कडा, दोन ओढे, आणि त्यापलीकडे सात वर्षांतून एकदा फळणारी वीस-पंचवीस झाडं.

दादाला उंचीची भीती वाटते. हे त्याने आजवर फक्त बहिणीला सांगितलंय.

"तुम्ही डॉक्टर ना?"
"झाडांचा, बाई. झाडांचा डॉक्टर."

बारा मीटर. चौथ्या मजल्यावरून खालच्या माणसाचा फक्त टाळू दिसतो.

चौदा वर्षं ती वर आणि दादा खाली.

खाली कोणीच नाही.

*

आता सरळच सांगायचं.

ती झाडावर चढणारी. तिचा मोठा भाऊ खालून दोरी सांभाळणारा. शहरात घरांवर, तारांवर, शाळांच्या छपरांवर आलेल्या फांद्या ही दोघं कापून उतरवतात. कापलेली फांदी पडू द्यायची नाही, दोरीला टांगून अलगद खाली आणायची. ती वर कापते आणि हाक देते, "धर." खालून दादा म्हणतो, "धरली." मग ती दोरीवरचा हात काढते आणि पुढचं वजन दादाचं. चौदा वर्षांत हे दोन शब्द किती वेळा बोलले गेले असतील, देव जाणे. घरी वहिनी चहाचा कप पुढे करते तेव्हाही दादा "धरली" म्हणतो आणि वहिनी वैतागते.

या खेपेला त्यांना झाडांचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरांनी बोलावलं होतं. उंच झाडांची फळं काढायची होती आणि ती फळं फांदीच्या अगदी टोकाला लागतात. काम झालं. तीन पोती भरली. परतीच्या वाटेवर जंगलातल्या एका दगडी चौकीत मुक्काम पडला. चौकीवर एक म्हातारं झाड वाकलेलं होतं. तिने येतानाच मान वर करून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "ही मोठी फांदी मला आवडत नाही."

"तुला कुठली फांदी आवडते?" दादा म्हणाला होता.

पहाटे वादळ आलं. फांदी खोडापासून अर्धी फाटली, शिडीसारखी तिरकी झाली आणि टोकाने छप्पर फोडून आत शिरली. छपराचा मधला वासा दादाच्या मांडीवर आला.

तो ओरडला नाही. "अगं, जरा बघ गं, पायावर काय पडलंय," असं म्हणाला. जणू मांजर बसलं होतं.

*

वासा हलेना. तिघांनी नाही, आता दोघांनी जोर लावला. हलेना. वाशावर फांदीचं सगळं वजन होतं. त्यात पानं पावसाने भिजलेली, म्हणजे दुप्पट. आणि वाशाला मधोमध एक तडा गेला होता. सकाळी त्यात नख जात होतं. तासाभराने बोट जाऊ लागलं.

डॉक्टर गुडघ्यांवर बसून दादाचा पाय चाचपत होते.

"तुम्ही डॉक्टर आहात ना," दादा म्हणाला, "मग झाडाला सांगा उठायला."

डॉक्टर हसले नाहीत. "मी खाली गावाकडे जातो. माणसं आणतो. धावत गेलो तर उद्या दुपारपर्यंत."

"हा वासा उद्या दुपारपर्यंत थांबणार नाही," ती म्हणाली. बाहेर जाऊन म्हणाली, दादाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मग मी थांबतो. दोरी धरतो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. साठीचा माणूस, चष्मा, मऊ तळवे. आयुष्यात एकदाही वजनाखाली दोरी न धरलेला. आणि कोणी गेलं नाही, तर दादाला बाहेर काढल्यावर त्याला उचलून नेणार कोण?

"तुम्ही जा."

डॉक्टरांनी एक पोतं खांद्यावर घेतलं. दहा पावलं गेले. थांबले. पोतं खाली ठेवलं, परत आणून चौकीच्या दाराशी टेकवलं. सात वर्षांची वाट पाहून भरलेलं पोतं.

"हे पण वापर," ते म्हणाले आणि निघाले. पाठ फिरवल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि पुसला.

दोन पोती तिने दादाच्या छातीवर आणि तोंडाच्या बाजूला रचली, वरून काही पडलं तर म्हणून. तिसरं वाशाखाली कोंबलं. आतली फळं कडकड फुटली.

"गेलं बी," दादा पोत्यांमागून म्हणाला.

"गप्प पड."

*

वर.

तिची स्वतःची दोरी वरच्या बेचक्यातून. फांद्या उतरवायची दोरी वेगळी, त्याच बेचक्यात बांधलेल्या कप्पीतून. दोन्ही दोऱ्या एकमेकींना शिवता कामा नयेत.

फांदीवर पाय टेकायचा नाही. हे तिने स्वतःला तीनदा मोठ्याने सांगितलं. तिचं वजन फांदीवर म्हणजे दादाच्या मांडीवर आणखी एक माणूस. म्हणून अधांतरी लोंबकळत कापायचं, कमरपट्ट्याला टांगून, एक पाय खोडाला लावून. नेहमी ती झाडाला चिकटून काम करते. आज हे झाड तिला परकं होतं.

दादाच्या जागी एक खुंट होता. खोडावर तिच्या कमरेजवळ, मनगटाएवढा. उतरवायच्या दोरीचे त्याला तीन वेढे. वेढ्यांवर एक गाठ, म्हणजे फांदी कापली की ती गाठीवर लटकून राहील. मग करवत अडकवायची, दोन्ही हातांनी दोरी धरायची, गाठ सोडायची आणि इंच-इंच ढील द्यायची. खालच्या माणसाचं काम वरच्या माणसाने करायचं.

तिने असं कधी केलं नव्हतं. असं करू नये, असं इतरांना सांगत आली होती.

तिने गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

तुकडा पहिला.

मांडीएवढी उपफांदी. करवत ओल्या लाकडात चिकटत होती. खालून एक काप, वरून एक. कडकन आवाज! फांदी सुटली, गचका बसला, कप्पी किंचाळली. गाठ टिकली.

तिने श्वास सोडला. गाठ सोडली. दोरी हातातून सरकू लागली, जड, ओली, जिवंत. एक हात. दोन हात. पानं चौकीच्या मागच्या भिंतीला घासत खाली गेली आणि जमिनीवर टेकली.

"झालं का?" आतून.

"एक झालं."

"किती आहेत?"

"पाच." सहा होत्या.

तुकडा दुसरा. काही नाही. उतरला. लिहिण्यासारखं काही घडलं नाही याहून चांगलं काही घडू शकत नव्हतं.

तुकडा तिसरा.

वारा सुटला. फांदी टांगल्या टांगल्या गोल फिरू लागली आणि तिच्या दोरीकडे आली. एवढी जवळ की पानं तिच्या गालाला लागली. तिने पायाने ढकलली. खालून वासा करकरला. लांब, हळू, दार उघडावं तसा.

"दादा?"

काही नाही.

"दादा!"

"आहे, आहे."

"बोलत राहा. मला कळू दे तू आहेस."

"काय बोलू?"

तिला काही सुचेना. तोंडातून आपोआप आलं. "धर."

पोत्यांमागून, जरा थांबून, हसरा आवाज आला. "धरली."

तिच्या पाठीतून काहीतरी सैल झालं. बारा मीटर एकदम नेहमीचे बारा मीटर झाले. तिसरा तुकडा तिने इतका छान उतरवला की पानसुद्धा तुटलं नाही.

तुकडा चौथा.

आता हे चांगलं जमत होतं. कापलं. गचका. गाठ टिकली. करवत अडकवली. दोन्ही हातांनी दोरी धरली. गाठ सोडली.

"धर."

"धरली."

आणि तिने हात काढला.

चौदा वर्षं तो शब्द ऐकल्यावर ती हात काढत आली होती. हाताने तिला विचारलं नाही. उजवा हात करवतीकडे गेला, डावा खोडाकडे, मान पुढच्या फांदीकडे. अर्धा क्षण, एक क्षण, तिला वाटत राहिलं की दोरी दादाच्या हातात आहे!

खुंटाने सांगितलं. वेढे आधी हळू फिरले, मग सरसर, मग धूर. फांदी खाली चालली होती. तिने दोरी पकडली, तळव्याची साल निघाली, सोडली. पुन्हा पकडायची नाही. हात जाईल. तिने गुडघा, मांडी, पोट, सगळं अंग दोरीवर लोटलं आणि दोरी खोडाशी दाबली. पँट फाटली. कातडी गेली. थांब. थांब. थांब!

थांबली.

फांदीचं बुड भिंतीवर आपटलं होतं. एक दगड सुटून आत पडल्याचा आवाज तिने ऐकला होता. दगड कशावर पडला ते ऐकू आलं नव्हतं.

ती हाक मारू शकत नव्हती.

"पोत्यावर पडला," दादा म्हणाला. मग म्हणाला, "तू सोडलीस ना?"

"हो."

"मी म्हटलं म्हणून सोडलीस."

ती रडत होती.

"ऐक," दादा म्हणाला. "आता मी बोलणार नाही. तू ओरडलीस तरी नाही. काहीही विचारलंस तरी नाही. मी तिथे नाहीये. खाली कोणी नाही असं समज."

"पण मला कळणार कसं, तू..."

उत्तर आलं नाही. त्याचं न बोलणं सुरूही झालं होतं.

तुकडा पाचवा, आवाजाशिवाय.

फाटक्या तळव्यावर तिने गळ्यातला रुमाल गुंडाळला. खुंटाला चौथा वेढा दिला. दोरीच्या शेपटाला जाड गाठ मारली, म्हणजे सगळं हातून सुटलं तरी गाठ खुंटाशी अडकेल. ही गाठ पहिल्यापासून हवी होती. कापलं. उतरवलं. "धर" हा शब्द जिभेवर आला आणि तिने तो गिळला.

खाली शांतता. माणूस शुद्धीवर असला तरी तशीच असते आणि नसला तरी.

शेवटचा तुकडा.

मूळ फांदी. पानं नाहीत, डहाळ्या नाहीत, नुसतं अंगभर वजन. टोक वाशावर, बुड खोडाच्या फाटलेल्या जागी. तिने दोरी फांदीच्या मध्यापेक्षा किंचित टोकाकडे बांधली. खोडाजवळ कापलं की बुड खाली झुकेल, टोक वाशावरून वर उचललं जाईल आणि सगळा ओंडका झोका घेऊन खोडाकडे येईल. चौकीपासून दूर. तिच्याकडे.

बांधायची जागा वीतभर चुकली असती, तर टोक उचललं जाण्याऐवजी दाबलं गेलं असतं. विचारायला कोणी नव्हतं. एरवी ती खाली ओरडायची, "इथे?" आणि दादा मान तिरकी करून म्हणायचा, "जरा पुढे."

जरा पुढे. तिने गाठ चार बोटं पुढे सरकवली. कोणी सांगितलं म्हणून नाही. तिला तसं दिसलं म्हणून.

ती खोडाच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि हात लांब करून कापू लागली. अर्ध्याहून जास्त. लाकूड कुरकुरलं. आणखी दोन ओढी. एक.

सुटला!

ओंडका आला. खोडावर आदळला, तिच्या पायाखाली दोन हात. झाड मुळापासून हादरलं, ती दोरीवर फेकली गेली, परत आली, खांदा खोडावर. डोळे उघडायला तिला वेळ लागला.

गाठ टिकली होती. टोक हवेत होतं. वाशावर काहीच नव्हतं, नुसतं आभाळ.

ओंडका खाली न्यायला तिने किती वेळ घेतला ते तिला सांगता येत नाही. तिने घाई केली नाही. पळत खाली जावं असं अंगातला प्रत्येक थेंब सांगत होता, आणि ती इंच-इंच ढील देत होती, आणि खालून कोणीच बोलत नव्हतं.

*

मोकळा वासा तिने चौकीतल्या पहारीने एकटीने उचकटला. खाली दगड सरकवला. दादाला काखेत धरून बाहेर ओढलं. त्याचे डोळे उघडे होते. तोंडात शर्टाची कॉलर होती, दोन ठिकाणी चावून आरपार फाटलेली.

"बोल आता," ती म्हणाली.

त्याने कॉलर काढली. ओठ सुजले होते. "सहा होत्या," तो म्हणाला. "मी मोजल्या. खोटारडी."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर सात माणसं आणि एक स्ट्रेचर घेऊन आले. दादाचा पाय वाचला, थोडा आखूड झाला. पोती चौकीतच राहिली, ओली, फुटलेली, दगडाखाली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि स्ट्रेचरचा कोपरा धरला.

वादळाच्या आदल्या संध्याकाळी मधल्या वाशाखालची जागा दादाची नव्हती. कोपऱ्यात वारा लागतो म्हणून तिने ती स्वतःसाठी घेतली होती, आणि तिला तिथेही थंडी वाजतेय असं दिसल्यावर दादाने तिला चुलीजवळची आपली जागा दिली आणि स्वतः वाशाखाली आडवा झाला.