शांत खोऱ्यातली भिंत

आपल्या पायांनी चालत येऊन कबुली देणारा माणूस पोलिसांना फार आवडतो. काम वाचतं. पण त्या सकाळी ठाण्याच्या बाकावर बसलेला गवंडी इन्स्पेक्टर बाईंना मुळीच आवडला नाही.

"माझ्या पोरीला मी मारलं," तो म्हणाला. "लिहून घ्या."

त्याच्या नखांत अजून सिमेंट होतं. आदल्या आठवड्यात शाळेच्या आवाराची भिंत भरदुपारी कोसळली होती. ती यानेच बांधलेली. भिंतीलगतच्या नळावर पाणी प्यायला गेलेली मुलगी तिच्याखाली सापडली, आणि ती नेमकी त्याचीच निघाली. शाळेत एवढी मुलं असताना.

बाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. त्याने हात लावला नाही.

"भिंत पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"भट्टीवरून विटा आणत होतो. ट्रकमध्ये."

"जमीन हलल्याचं जाणवलं?"

"त्या रस्त्यावर काय जाणवणार, मॅडम? तो रस्ता रोजच हलवतो."

"गावातले लोक म्हणतात, भूकंपाचा धक्का होता."

"लोकांच्या म्हणण्यावर भिंत उभी राहत नाही. भूकंप केंद्राच्या मोठ्या साहेबांनी रेडिओवर सांगितलं की भूकंप नव्हता, खाणीतला सुरुंग होता. सुरुंग तर रोज उडतो. त्यानं आजवर कोणाची भिंत पडली? माझीच. म्हणजे माल कच्चा, नाहीतर माझा हात कच्चा."

भिंतीच्या पोटातून सळया घालून काँक्रीटचा पट्टा फिरवतात, तो घातला होता का, असं बाईंनी विचारलं. तो नकाशातच नव्हता, असं उत्तर आलं. गवंड्याने नगरपालिकेच्या इंजिनिअरला विचारून पाहिलं होतं. आपलं खोरं शांत आहे, इथे पट्ट्याची गरज नाही, नसते लाड कशाला, असं इंजिनिअर म्हणाला होता. भूकंपमापन केंद्राच्या अहवालातही खोरं शांतच होतं.

"घरी कोण आहे?"

"बायको." तो थोडा थांबला. "ती माझ्याशी बोलत नाही. तुझ्या हातचं जेवणार नाही म्हणते, तुला वाढणारही नाही. तिचं काही चुकत नाही."

बाईंनी कबुलीजबाब लिहून घेतला नाही. त्याला मागच्या खोलीत बसवलं आणि हवालदारांना जीप काढायला सांगितलं.

हवालदारांचं मत ठाम होतं, नेहमीसारखं. सगळे धक्के वरूनच दाबले जातात, असं त्यांचं म्हणणं. दूधवाला दुधात पाणी घालतो तसं सरकार भूकंपात पाणी घालतं. त्यांच्या घरी बायको काचेची भांडी जमिनीवर मांडून ठेवते, कारण फळीवरची बरीचशी केव्हाच फुटली होती. आणि रेडिओवर काय, तर खाणीचा सुरुंग, घाबरू नका. भूकंपमापन केंद्राचे प्रमुख प्रत्येक निवेदनाची सुरुवात याच शब्दांनी करत, म्हणून साऱ्या गावाने त्यांचं नावच 'घाबरूनका साहेब' पाडलं होतं.

"वरून हुकूम असतो, मॅडम," हवालदार गिअर टाकत म्हणाले. "मोठं कारस्थान आहे."

"पुरावा?"

"पुरावा ठेवला तर ते कारस्थान कसलं?"

बाई आधी खाणीवर गेल्या. तिथल्या मुकादमाची ख्याती अशी की त्याला वेळ विचारली तरी तो खोटी सांगेल. घरांना तडे जातात म्हणून लोकांनी त्याच्याविरुद्ध तक्रारींचा ढीग घातला होता. सुरुंगामुळे मूल मेलं असं ठरलं असतं तर खाणीचा परवाना गेला असता.

"त्या दुपारी सुरुंग किती मोठा होता?"

"नव्हताच, मॅडम. ड्रिलचा कंप्रेसर बंद पडला होता. भोकंच पाडली नाहीत, तर दारू भरणार कशात?"

"साक्षीदार?"

"माझीच माणसं."

"म्हणजे नाहीतच."

मुकादमाने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. "मी एरवी खोटं बोलतो हे खरं आहे, मॅडम. आज त्याचाच फटका बसतोय."

सुरुंगाची वेळ ठरलेली असते का, असं बाईंनी विचारलं. तशी नसते, तयारी झाली की उडवतात, म्हणूनच आधी भोंगा वाजवायचा, असा कायदा आहे, असं तो म्हणाला. परतताना हवालदारांनी निकाल लावूनच टाकला. मुकादम खोटारडा, साहेब सरकारी, आणि गवंडी बिचारा फुकट मरणार.

भूकंपमापन केंद्र गावाबाहेरच्या टेकडीवर होतं. यंत्रांची खोली जमिनीखाली. बाहेरच्या वाऱ्याची, गाड्यांची जराही कुरबुर यंत्राला लागू नये म्हणून भिंती हातभर जाड आणि दाराला रबराची कड लावलेली. हवालदार जीपपाशी थांबले, बाई एकट्याच आत गेल्या.

घाबरूनका साहेब टापटिपीचे गृहस्थ होते. बुटांना पॉलिश, शर्टाला कडक इस्त्री. फक्त दाढी वाढली होती, आणि खुंटांमधून जबड्यावरची एक सुकलेली खपली दिसत होती. कामाच्या व्यापात आरशात बघायला वेळ नाही हो, असं तेच आपणहून म्हणाले. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पडद्यावरची सरळ रेघ दाखवली. एवढ्यात ती रेघ थरथरली आणि पुन्हा शांत झाली.

"हा बघा आजचा सुरुंग." त्यांनी एक बटण दाबलं. "आता इथून 'सुरुंग' असा शेरा गेला. मुख्यालयाच्या भूकंपांच्या यादीतून ही रेघ आपोआप गळेल. लहान धक्क्यांच्या बाबतीत तिकडचे लोक आमच्याच शेऱ्यावर चालतात."

"आणि खऱ्या धक्क्यालाच कोणी सुरुंग म्हटलं तर?"

साहेब हसले. "तसं होऊ नये म्हणूनच तर इथे माणूस बसवलाय."

"भिंत पडली त्या दुपारी तुम्ही कुठे होता?"

"याच खुर्चीत. आधी भोंगा ऐकला, मागोमाग रेघ उडाली. नेहमीसारखंच. त्या मुलीचं फार वाईट झालं. पण हल्ली गवंडी लोक सिमेंट कमी घालतात, त्याला आम्ही काय करणार?"

बाई बाहेर आल्या तेव्हा हवालदार कानात करंगळी घालून हलवत होते. भोंगा काय वाजला हो, खोऱ्यातून नुसता घुमत वर आला, कान बधिर झाले, अशी त्यांनी तक्रार केली. बाईंनी मागे वळून त्या जाड दाराकडे पाहिलं आणि त्या जीपमध्ये बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेसमोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरल्या. हवालदारांना म्हणाल्या, बसा खुर्चीत, दाढी करून घ्या, सरकारी काम आहे. हवालदारांनी आयुष्यात एवढ्या आनंदाने हुकूम पाळला नव्हता. त्यांना फेस लावून झाला, अर्धा गाल झाला, आणि खाणीचा भोंगा वाजला.

न्हाव्याने वस्तरा उचलला, एक पाऊल मागे घेतलं आणि हात वर धरून उभा राहिला. समोरच्या दुकानदाराने काचेच्या बरण्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं. शाळेच्या दारातल्या शिपायाने कडेवरचं मूल घट्ट धरलं. मग जमिनीतून दणका आला, आरसा खडखडला. सगळ्यांनी हात सोडले आणि न्हाव्याने उरलेला गाल धरला.

"रोज असंच?" बाईंनी विचारलं.

"सवयच पडलीय, मॅडम. भोंगा झाला की हात वर. झोपेतसुद्धा जातो, बायको हसते."

"हात कधी चुकला नाही?"

"एवढ्या वर्षांत एकदाच." त्याची नजर समोरच्या पडक्या भिंतीकडे गेली. "गिऱ्हाइकाचं नाव विचारू नका. आमचा धंदा विश्वासावर चालतो. ते पुन्हा आले नाहीत, एवढंच सांगतो."

बाईंनी नाव विचारलं नाही. त्यांनी ठाण्यात येऊन भूकंप केंद्राच्या मुख्यालयाला फोन लावला आणि त्या दुपारची मूळ रेघ काढून ठेवायला सांगितली. त्यानंतर मुकादमाला आणि घाबरूनका साहेबांना एकाच वेळी बोलावून घेतलं.

साहेब प्रसन्न होते. आरोपी शेजारीच बसलाय, अशा नजरेने ते मुकादमाकडे पाहत होते. मुकादम घाम पुसत होता.

"एक तर तुम्ही खोटं बोलताय, नाहीतर साहेब," बाई मुकादमाला म्हणाल्या. "तुमचा लौकिक पाहता कोणीही तुम्हालाच धरेल. मीसुद्धा धरलं होतं. पण साहेबांनी खोट्याला जरा जास्तच मीठमसाला लावला."

साहेबांचं हसू तसंच राहिलं.

"साहेब, तुम्ही म्हणालात की यंत्राच्या खोलीत बसून भोंगा ऐकला. काल मी त्याच खोलीत होते. सुरुंग उडाला, रेघ हलली, भोंगाही वाजला. बाहेर हवालदारांचे कान बधिर झाले. मला काडीचाही आवाज आला नाही. ती खोली बांधलीच आहे बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. तिथे बसणाऱ्याला भोंगा ऐकू येत नाही, आणि ज्याला ऐकू येतो तो तिथे बसलेला नसतो."

"ऐकल्याचा भास झाला असेल," साहेब म्हणाले.

"मग जबड्यावरची खपली कसली?"

साहेबांचा हात आपोआप जबड्याकडे गेला.

"या गावातला न्हावी भोंगा वाजला की वस्तरा उचलतो. झोपेतसुद्धा. त्याचा हात एकदाच चुकला, आणि त्या दिवसापासून त्याचं एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. तुम्ही त्याच्या खुर्चीत होता, साहेब. जमीन हलली, वस्तरा लागला, कारण आधी भोंगा झालाच नव्हता. भोंगा नाही म्हणजे सुरुंग नाही. सगळ्या गावात हे सगळ्यात आधी तुम्हाला कळलं, रक्त येऊन कळलं. समोर भिंत पडलेली तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. आणि टेकडीवर जाऊन 'सुरुंग' असं लिहिलंत."

"गालावरचा ओरखडा म्हणजे पुरावा नव्हे."

"नाही. पुरावा तुमच्याच यंत्रात आहे. शेऱ्याने रेघ यादीतून गळते, पुसली जात नाही. मुख्यालयाने ती शोधून काढलीय. उद्या पाठवतील."

हवालदार दाराशी मान पुढे काढून उभे होते. वरून हुकूम कोणाचा, हे नाव ऐकायला ते आयुष्यभर थांबले होते.

"मला कोणीही खोटं लिहायला सांगितलं नाही," साहेब शेवटी म्हणाले. "पहिल्या वर्षी मी प्रत्येक धक्का खरा कळवला. दर वेळी खुलासा मागितला. यंत्र तपासलं का, पुन्हा मोजलं का, लोकांत घबराट का पसरली, बातमी कोणी फोडली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बोलावून घ्यायचे. एकदा कंटाळून 'सुरुंग' लिहिलं. कोणी काहीसुद्धा विचारलं नाही. मग तेच लिहीत गेलो."

"पण त्या दिवशी? मूल गेल्यावर?"

"त्या दिवशी खरं लिहिलं असतं तर मागचे सगळे सुरुंग उकरले असते."

"म्हणजे हुकूम नव्हताच?" हवालदारांच्या तोंडून निघून गेलं. त्यांचा चेहरा पडला होता. एवढं मोठं कारस्थान, आणि आत निघाला एक कंटाळलेला माणूस.

"तुमच्या त्या सुरुंगांमुळे खोरं कागदावर शांत राहिलं," बाई म्हणाल्या. त्यांना संताप आवरत नव्हता आणि तो आवरायची त्यांची इच्छाही नव्हती. "शांत राहिलं म्हणून नकाशात पट्टा आला नाही. गवंडी विचारत होता, पट्टा घालू का. त्याला नको म्हणून सांगणारा इंजिनिअर तुमच्याच अहवालावर विसंबला होता. आणि पोरगी गेल्यावर त्याच गवंड्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून गुन्हा स्वतःवर घेतला. या गावात तुमच्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता, साहेब."

साहेबांवर गुन्हा नोंदला गेला. त्यांच्या खात्याने त्यांची बदली दुसऱ्या केंद्रावर केली आणि खात्यातर्फे चौकशी चालू असल्याचं कळवलं. गवंड्याला बाईंनी स्वतः घरी पोचवलं. भिंतीत खोट नव्हती, जमीन हलली होती, हे त्यांनी त्याच्या बायकोला उंबऱ्यातच सांगितलं. ती आत गेली आणि बऱ्याच दिवसांनी दोन ताटं घेतली.

काही आठवड्यांनी मुख्यालयाचं सुधारित निवेदन आलं. ते आपणच जाऊन दाखवावं असं बाईंना वाटलं, आणि वाचल्यावर जाऊच नये असंही वाटलं. तरी त्या गेल्या. गवंड्याला वाचायला चष्मा सापडेना, म्हणून त्यांनाच मोठ्याने वाचावं लागलं. मागील नोंद सुधारण्यात येत आहे. शाळेची भिंत कोसळली त्या दिवशी खोऱ्यात भूकंपाचा सौम्य धक्का बसला. जीवितहानी नाही.

"ते मुलीचं?" गवंड्याने विचारलं.

बाईंनी फोन करून ते विचारलं होतं. मुलीचा मृत्यू आधीच बांधकाम अपघात म्हणून नोंदलेला होता. एक मृत्यू दोन ठिकाणी दाखवता येत नाही, असं तिकडून सांगण्यात आलं. आणि इकडे ठाण्यात त्या बांधकाम अपघाताची फाइल, बांधकामात दोष नाही म्हणून, बंद झाली होती. बाईंनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. सांगताना त्यांना आपल्या गणवेशाची लाज वाटली.

गवंडी मान खाली घालून बसला. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली, पदराला हात पुसत बाईंच्या समोर उभी राहिली.

"धक्क्यात कोणी गेलं नाही, असं लिहिलंय ना?" तिने विचारलं.

"हो."

"आणि भिंतीतही दोष नव्हता."

"नव्हता."

"मग शाळा सुटायची वेळ झालीय," ती म्हणाली. "माझ्या मुलीला घेऊन या."