मामा कधी उठतो

थोरल्या महामायाचं लग्न झालं ते २०२२ साल. त्याच वर्षी धाकटी समता जानेफळहून मोताळ्याला कॉम्प्युटर शिकायला आली. राहायला कडूबामामाकडे. ते घर तिला नवं नव्हतं. सातवीपर्यंत ती तिथंच वाढली होती.

क्लासमध्ये तिनं मामावरच प्रोग्राम लिहिला. मामा शेतकरी होता आणि शिंपीही. म्हणून तिनं शेतकरी आणि शिंपी असे दोन साचे केले आणि दोघांचे गुण मामाला दिले. शेतकरी चारला उठतो, शिंपी आठला. मग प्रोग्राममधल्या मामाला उठायला सांगितलं… आणि कॉम्प्युटर अडला. दोनातलं कोणतं उठणं, त्याला कळेना.

शेजारच्या खुर्चीवरचा अश्वजित हसला.

"दोन बाप दिले तू त्याले. दोघाइले इचारत बसला तर अडनारच. मामाच्याच साच्यात लिही — तो सवता कवा उठते ते."

"तुले काय करायचं माह्या मामाचं?" ती म्हणाली, पण खुर्ची जराशी त्याच्याकडे सरकवली.

घरी विचारलं तर मामा म्हणे, तुही मामी चहा ठेवते तवा उठतो. तिनं तसंच लिहिलं. प्रोग्राम चालला. अश्वजितनं ती ओळ दोनदा वाचली आणि मग स्क्रीन सोडून तिच्याकडेच बघत राहिला… त्या दिवसापासून क्लास सुटला की दोघं भज्यांच्या गाडीपर्यंत सोबत चालायचे. भजी कमी, बोलणं जास्त.

पुढच्या उन्हाळ्यात अश्वजितच्या घरचे मागणी घालायला आले. मामा म्हणाला, पोरगी धम्मरत्नभाऊची, त्याला विचारा. जानेफळला तिचे बाबा धम्मरत्न म्हणाले, वाढवली मामानं, शब्द त्याचाच. असे तीन हेलपाटे झाले. दोघंही एकमेकांचा मान राखत होते. नाही कोणीच म्हणत नव्हतं. शेवटी अश्वजितच्या आईनं सांगितलं, बुद्ध पौर्णिमेपर्यंत होकार आला नाही तर चिखलीची मुलगी बघू.

चार दिवस उरले. समतानं बाबांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन मामाच्या शिलाई मशीनवर ठेवला.

"बाबा, मामा… तुमी एकमेकाइकडं बोट दाखवता अन् मी मधात अडकून राह्यली. आता माह्यं मीच सांगते. मले अश्वजित पसंत हाय."

मशीन थांबलं.

"मंग इतके दिवस काऊन नाही बोलली वं?" मामा म्हणाला. फोनमधून बाबांनीही तेच विचारलं.

समोरच्या पानटपरीशी अश्वजित उभा होता. त्यानं नुसत्या भुवया उचलून विचारलं, झालं का?

"हाव," ती तिथूनच म्हणाली, अगदी हळू. त्याला ऐकू गेलं नसेल… पण तो हसला.

लग्नाच्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज मामानंच शिवला.

कडूबामामा ९ नोव्हेंबर २०२४ ला, शनिवारी सकाळी, मोताळ्यालाच वारला. सत्यभामामामीनं तेव्हा चहा ठेवलेला होता.